नव्या औषधाची परीक्षा आणि आपली सही

मंडळी, मधुमेहाला आपण 'साखर' म्हणतो. कुणी 'शुगर' म्हणतो. "त्याला साखर झालीय" असं आता प्रत्येक गावात ऐकू येतं. पण या साखरेचा किडनीशी काय संबंध, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो आधी समजून घेऊ. मग नव्या औषधांच्या चाचणीचा विचार करू. कारण कुणी तरी उद्या तुमच्यापुढे एक कागद ठेवील आणि म्हणेल, "इथं सही करा." त्या वेळी काय करायचं, ते या धड्यात सांगितले आहे.

१. शरीरातले गुऱ्हाळ

कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळ सांगायला नको. उसाचा रस काहिलीत उकळतो. वर मळी येते. रस साफ व्हावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचा रस घालतात. मळी काढून टाकतात. मळी नीट काढली नाही तर गूळ काळा होतो.

आपल्या शरीरात रक्तातली मळी काढण्याचे काम किडनी करते. किडनीला मूत्रपिंड म्हणतात. पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. रात्रंदिवस रक्त त्यांतून गाळले जाते. घाण लघवीतून बाहेर पडते. चांगले ते पुन्हा रक्तात जाते.

रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली तर या गाळण्या खराब होतात. त्यात रक्ताचा दाब, म्हणजे बीपी, वाढलेला असला तर आणखीच लवकर खराब होतात. चहाची गाळणी फाटली की चहाबरोबर पत्तीही कपात पडते. तसेच इथे होते. रक्तात राहायला हवे असे आल्ब्युमिन लघवीतून वाहून जाऊ लागते. मधुमेहाच्या सुमारे तीन रुग्णांपैकी एकाला पुढे किडनीचा त्रास होतो.

यातली वाईट गोष्ट अशी, की सुरुवातीला काहीच दुखत नाही. माणूस शेतावर जातो, धारा काढतो, जेवतो. आत गाळण्या बिघडत असतात. पायाला सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, दम लागू लागला, म्हणजे बराच उशीर झालेला असतो. किडनी पुरती थकली तर डायलिसिस करावे लागते. म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून धुवावे लागते. आठवड्यातून दोन-तीन वेळा जायचे. दर खेपेला सुमारे चार तास पडून राहायचे. घरचा एक माणूस त्यात गुंतून पडतो.

म्हणून साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात. एक, लघवीतले आल्ब्युमिन. दुसरी, रक्तातले क्रिएटिनिन. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा. तिथे होत नसतील तर कोल्हापूरला सीपीआरमध्ये विचारा. जुनी माणसे त्याला थोरला दवाखाना म्हणतात.

२. औषध खरे की खोटे, कसे ठरवायचे?

समजा, दुकानदाराने तुम्हाला उसाचे नवे बेणे दिले. तो म्हणतो, "एकरी उतारा वाढेल." तुम्ही काय करता? शहाणा शेतकरी सगळ्या रानात ते लावत नाही. अर्ध्या रानात नवे लावतो, अर्ध्या रानात जुने. माती तीच. पाणी तेच. खत तेच. वर्षाने दोन्हीचा उतारा मोजतो. मगच बेणे चांगले की वाईट ते ठरवतो.

औषधाची चाचणीही अशीच असते. तिला इंग्रजीत क्लिनिकल ट्रायल म्हणतात. औषध आधी प्रयोगशाळेत आणि जनावरांवर तपासतात. मग थोड्या माणसांना देतात. बहुधा ती निरोगी माणसे असतात. त्यात धोका दिसला नाही तर काही रुग्णांना देतात. शेवटी शेकडो किंवा हजारो रुग्णांवर परीक्षा होते.

या शेवटच्या परीक्षेत रुग्णांचे दोन गट करतात. एकाला नवे औषध देतात. दुसऱ्याला पुष्कळदा तशीच दिसणारी गोळी देतात, पण तिच्यात औषध नसते. किडनीच्या अशा चाचणीत दोन्ही गटांचे साखरेचे आणि बीपीचे नेहमीचे औषध चालू ठेवतात. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. डॉक्टर ठरवत नाही. रुग्णही ठरवत नाही. पुष्कळदा दोघांनाही ते शेवटपर्यंत कळत नाही. असे का करतात? डॉक्टरने आपल्या माणसाला नवे औषध दिले आणि परक्याला जुने दिले, तर परीक्षा खोटी होईल. नवे औषध मिळाले या आनंदानेच कुणाला बरे वाटले, तर तेही खरे मोजमाप नव्हे.

३. अशा परीक्षेतून काय निघाले?

आज साखरेच्या पुष्कळ रुग्णांना लोसार्टन नावाची गोळी देतात. ती बीपी कमी करते. पण ती किडनीलाही जपते, हे कसे कळले? १५१३ रुग्णांनी एका चाचणीत भाग घेतला. २००१ साली तिचा निकाल आला. गोळी घेणाऱ्यांची किडनी हळू खराब होत होती.

पुढे कॅनाग्लिफ्लोझिन नावाच्या औषधाची चाचणी झाली. ३४ देशांतले ४४०१ रुग्ण तिच्यात होते. त्यांत आपल्या देशातले रुग्णही होते. सगळ्यांना साखर होती. सगळ्यांची किडनी बिघडू लागली होती. २०१९ साली निकाल आला. खोटी गोळी घेणाऱ्या दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ६१ जणांची किडनी फार बिघडली किंवा किडनीने वा हृदयविकाराने मृत्यू आला. खरी गोळी घेणाऱ्यांत हाच आकडा सुमारे ४३ होता. फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी ठरल्या वेळेच्या आधीच थांबवली.

पण नाण्याची दुसरी बाजूही आम्ही सांगतो. बार्डोक्सोलोन नावाचे एक औषध होते. लहान चाचणीत ते चांगले वाटले. किडनीचा आकडा सुधारलेला दिसला. मग २१८५ रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली. औषध घेणाऱ्या गटातल्या ९६ जणांचे हृदय कमजोर पडले आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले किंवा ते दगावले. दुसऱ्या, तेवढ्याच मोठ्या गटात असे ५५ जण होते. हिशेबावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने हे पाहिले. २०१२ सालच्या ऑक्टोबरात चाचणी बंद झाली.

यातून काय शिकायचे? नवे ते चांगलेच असते, असे नाही. नवे ते वाईटच असते, असेही नाही. परीक्षा घेतल्याशिवाय कळत नाही. आणि परीक्षा माणसांवरच घ्यावी लागते. म्हणून त्या माणसाला सगळे सांगून, विचारून, त्याच्या खुशीनेच ती घेतली पाहिजे.

४. खुशी म्हणजे काय?

आपल्या महाराष्ट्राला चाचणी नवी नाही. १८९७ साली मुंबईत प्लेग होता. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस बनवली. १० जानेवारीला त्याने ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात प्लेग कमी झाला. औषधाच्या दृष्टीने हे मोठे काम झाले. पण जरा विचार करा. जो गजाआड आहे, त्याचा 'हो' कितपत मोकळा? म्हणूनच आज कैदी, लहान मुले, फार गरीब माणसे यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी, असा नियम आहे.

दुसरी हकीकत अलीकडची आहे. २००९ साली खम्मम जिल्ह्यात मुलींना एक लस देऊन पाहणी सुरू झाली. हा जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आज तेलंगणात आहे. मुली दहा ते चौदा वर्षांच्या. पुष्कळजणी वसतिगृहात राहणाऱ्या. आईबापांची संमती घ्यायला हवी होती. पण कित्येक कागदांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या. आईबापांना पत्ताच नाही. २०१० साली सरकारने ते काम थांबवले. २०१३ साली संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे मारले. ती लस वाईट होती असे नव्हे. ती अनेक देशांत देतात. चूक होती सहीची. ज्याची सही हवी, त्याला कुणी विचारलेच नाही.

अशा तक्रारी सुप्रीम कोर्टातही गेल्या. नियम कडक होत गेले. २०१९ साली औषध-चाचणीचे नवे नियम आले. आज ते नियम आपल्या बाजूने उभे आहेत. पण नियम कागदावर असतो. तो वाचणारा माणूस लागतो.

पूर्वी सावकार कागद पुढे करी आणि आपला आजा अंगठा उठवी. कागदात काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. त्या एका अंगठ्यापायी जमिनी गेल्या. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. गरिबाच्या पोराने स्वतःचा कागद स्वतः वाचावा, हे त्यातून साधायचे होते. तुम्ही आज वाचायला शिकला आहात. मग ही विद्या दवाखान्यातही वापरा.

५. संमतीपत्र कसे वाचावे?

चाचणीत घेण्याआधी एक कागद देतात. त्याला संमतीपत्र म्हणतात. कधी तो वीस-वीस पानांचा असतो. घाबरू नका. रोज दोन पाने वाचा. कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. मराठीत नसेल तर मराठीत मागा. वाचताना पुढच्या गोष्टी शोधा.

हे औषध कशाचे आहे? आजवर किती माणसांना दिले आहे?

चाचणी किती महिने चालेल? किती वेळा दवाखान्यात जायचे? किती वेळा रक्त घेणार?

काय त्रास होऊ शकतो? तो लपवलेला नाही ना?

या औषधाऐवजी दुसरा कोणता इलाज आज मिळतो?

खर्च कुणाचा? चाचणीचे औषध आणि चाचणीच्या तपासण्या यांचे पैसे आपल्याला द्यावे लागणार नाहीत ना? चंदगड किंवा गगनबावड्याहून कोल्हापूरला यायचे, तर एसटीचे भाडे मिळते का? बुडालेल्या रोजगाराचे काय?

इजा झाली तर काय? नियम असा आहे, की चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट मिळाले पाहिजेत. ती इजा चाचणीमुळेच झाली असे ठरले तर नुकसानभरपाईही मिळाली पाहिजे.

रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? त्याचे नाव आणि नंबर कागदावर हवाच.

एथिक्स कमिटीने परवानगी दिली आहे का? ही कमिटी रुग्णाचे हित पाहते. तिच्यात निदान सात माणसे असतात. कायदा जाणणारा एक असतो. एक स्त्री असते. डॉक्टर नसलेला एक साधा माणूसही असतो. निम्मी माणसे तरी त्या दवाखान्याच्या बाहेरची असावी लागतात.

चाचणीची सरकारी नोंद आहे का? २००७ सालापासून आपल्या देशात अशी नोंदवही आहे. तिला सीटीआरआय म्हणतात. २००९ सालापासून औषधाच्या चाचणीची नोंद तिच्यात करावीच लागते. नोंदीचा नंबर विचारा. तो नंबर घालून कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी फोनवर ती नोंद पाहू शकते. त्याला पैसे पडत नाहीत.

सही झाल्यावर कागदाची एक प्रत आपल्याला मिळते. ती रेशनकार्डाइतकी जपून ठेवा.

आता ज्याला अजून वाचता येत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठीही नियम आहे. सगळे बोलणे चालू असताना एक साक्षीदार तिथे हजर पाहिजे. तो चाचणी करणाऱ्यांपैकी नसावा. त्याने कागद वाचून दाखवला की मगच अंगठा. साक्षीदाराचीही सही लागते. आणि बायांनो, हे तुमच्यासाठी खास सांगतो. तुमच्या शरीराचा प्रश्न असेल तर सही तुमचीच. नवऱ्याने केली म्हणून भागत नाही. घरी विचार जरूर घ्या, पण हो किंवा नाही तुम्हीच म्हणायचे.

६. एक बोलणे

समजा, कागल तालुक्यातले एक मामा तपासणीला गेले. तिथे डॉक्टरीणबाई आणि त्यांचे असे बोलणे झाले.

"मामा, तुमच्या लघवीतून आल्ब्युमिन जातंय. किडनीच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तुम्हाला यायचं का त्यात?"

"म्हंजे आमच्यावर औषध तपासून बघणार व्हय?"

"होय मामा. लपवून काय करू? औषध गुण देतं का, ते अजून पक्कं ठाऊक नाही. तेच बघायचं आहे."

"मग मला नवंच औषध मिळंल न्हवं?"

"ते नाही सांगता येत. चिठ्ठीवर आहे. साधी गोळीही वाट्याला येईल. कुठली आली ते मलाही कळणार नाही. पण तुमची आत्ताची औषधं चालू राहतील."

"आनि मी न्हाई म्हटलं तर? पुढच्या खेपंला दारात उभं करशीला का?"

"का नाही करणार? तुमचा नेहमीचा इलाज आहे तसाच चालेल. आज हो म्हणून दोन महिन्यांनी नको वाटलं, तरी सोडता येईल. फक्त मला येऊन सांगा. एकदम गोळ्या टाकून घरी बसू नका."

"मग कागद द्या. घरला न्हेतो. पोरगी वाचंल, मी बी वाचतो. आयतवारी इचार करून सांगतो."

"न्या की. सावकाश वाचा. नाही कळलं तिथं खूण करा, मी समजावून सांगते."

मामांनी पुढे होकार दिला की नकार, ते आम्ही सांगत नाही. कारण दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत. मामांनी कागद घरी नेला, हेच महत्त्वाचे. आणि जो डॉक्टर "आत्ताच्या आत्ता सही करा" म्हणतो, त्याला हात जोडून सांगा, "जरा थांबा."

७. हो म्हणण्याआधी आपल्या मनाला विचारा

चाचणी म्हणजे फुकटचा दवाखाना नव्हे. तिथे तपासण्या बारकाईने होतात, हा फायदा आहे. पण चाचणीचा मुख्य हेतू तुम्हाला बरे करणे हा नसतो. औषध कसे आहे हे कळावे, हा असतो. त्याचा लाभ कदाचित तुम्हाला होईल. कदाचित तुमच्या मागून येणाऱ्यांना होईल. लोसार्टनच्या चाचणीत जे १५१३ जण आले, त्यांच्यामुळे आज आपल्या गावच्या माणसाला गोळी मिळते. त्यांचे आपण देणे लागतो. पण देणे फेडायची सक्ती कुणावर नाही.

तारखा पाळता येतील का? ऊसतोडीच्या दिवसांत जमेल का? घरी बरोबर यायला कुणी आहे का? हे आधी ठरवा. कबूल करून न जाण्यापेक्षा आधीच नाही म्हणणे बरे.

डॉक्टरपासून काही लपवू नका. वैदूची पूड, झाडपाला, तंबाखू, दारू, सगळे सांगा. लपवले तर धोका तुमच्याच जिवाला.

सगळ्यांना चाचणीत घेत नाहीत. वय, किडनीचा आकडा, दुसरे आजार, हे पाहून घेतात. घेतले नाही तर मनाला लावून घेऊ नका.

चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरले, तर ते पुढे आपल्याला मिळेल का, हेही आधीच विचारा.

आणि एक गोष्ट विसरू नका. चाचणीची वाट बघत बसू नका. साखर आणि बीपी ताब्यात ठेवा. मीठ, लोणचे, पापड कमी करा. गूळ हीसुद्धा साखरच आहे, मग तो आपल्या कोल्हापूरचा का असेना. तंबाखू सोडा. अंग दुखते म्हणून दुकानातून गोळ्या आणून मनाने खाऊ नका, त्यातल्या कितीतरी किडनीला बाधतात. "इन्शुलिनने किडनी जाते" असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. किडनी जाते ती ताब्यात नसलेल्या साखरेने.

औषधाच्या चाचणीत जावे की न जावे, हे आम्ही तुम्हाला सांगणार नाही. आम्ही एवढेच सांगतो. आधी वाचा, मग विचारा, मग घरी बोला आणि शेवटी सही करा. हा क्रम उलटा करू नका.

आता उत्तरे सांगा

१. किडनी खराब होऊ लागली हे दुखल्याशिवाय कसे कळेल? दोन तपासण्यांची नावे सांगा.

२. नवे बेणे अर्ध्याच रानात का लावायचे? औषधाच्या चाचणीत तसे काय करतात?

३. खम्ममच्या हकिकतीत चूक कोणती झाली?

४. चाचणी मध्येच सोडता येते का? सोडताना काय करावे?

५. संमतीपत्र हातात आले तर तुम्ही कोणते पाच प्रश्न विचाराल? ते आपल्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहा. खाली आपली सही करा.